वजनकाटा, सोळा महिने वापरून: ॲपपुरती मी सहा फूट उंच आहे

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी काट्यावर उभी राहिले आणि आकड्याऐवजी एरर आलं. सेल बदलले, उलटा करून खालचे रबर पुसले, स्वयंपाकघरातल्या फरशीवर नेऊन पाहिला. एररच. काटा चौदा महिन्यांचा, वॉरंटी बारा महिन्यांची. या वस्तूंना वॉरंटी संपल्याचं बरोबर कसं कळतं कोण जाणे. कस्टमर केअरच्या मुलाने बिलाची तारीख विचारली आणि म्हणाला, "मॅडम, वॉरंटीबाहेर आहे, पण नवीन मॉडेलवर दहा टक्के सूट देता येईल." दहा टक्के म्हणजे एकशे नव्वद रुपये. त्याच रागात लिहायला बसले होते. पण या काट्याशी माझं खरं भांडण एररच्या फार आधीचं आहे. ते आहे ॲपमधल्या 'टार्गेट वेट' लिहायच्या चौकोनाशी, आणि मी ते सविस्तर सांगणार आहे.

वर काच, खाली चार पाय, ब्लूटूथ, १८० किलोपर्यंत, १,८९९ रुपये. या किमतीत सगळ्यांचं हेच असतं, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. गेल्या वर्षी जानेवारीत माझं स्लीव्हचं ऑपरेशन झालं, म्हणजे वजन उतरावं म्हणून पोटाचा मोठा भाग काढून टाकतात ते. सर्जनच्या पहिल्या भेटीत वजन ११६ भरलं, उंची १५७ सेंटीमीटर, बीएमआय (किलोंना मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) ४७. विमा कंपनीची अट ४०ची, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वजनाचा मला फायदा झाला. घरी येतानाच काटा घेतला. साडेतीन लाखांचं ऑपरेशन विम्यात बसलं याचा आनंद कमी आणि १,८९९ खिशातून गेले याची रुखरुख जास्त, असा माझा स्वभाव आहे. तेव्हा पुढचा सूर समजून घ्या.

ॲपने उंची विचारली, वय विचारलं आणि मग टार्गेट. भारतीयांसाठी २३च्या वरचा बीएमआय म्हणजे जास्त वजन धरतात हे मला माहीत होतं. गुणाकार केला, ५७ आले, ५७ टाकले. ॲपने हिरवी टिक दिली. लग्नात माझं वजन ५९ होतं. म्हणजे ऑपरेशन करून मी लग्नाआधीची होणार होते, आणि काटा मला थांबवायचं सोडून शाबासकी देत होता.

दुसऱ्या भेटीत सर्जननी फाइलवर लिहिलं: ८३. मला वाटलं, हा पहिल्या सहा महिन्यांचा टप्पा असेल. त्यांनी खाली लिहिलं, एक ते दीड वर्ष. मी हिरमुसले. शेजारच्या खोलीत आहारतज्ज्ञ ताईंनी हिशेब मांडून दाखवला, तो इथे देते, कारण अख्ख्या ॲपमध्ये तो कुठेच नाही. माझ्या उंचीला बीएमआय २५ म्हणजे साडेएकसष्ट किलो. ११६ मधून ते वजा केले की साडेचोपन्न उरतात. याला म्हणायचं जास्तीचं वजन. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात या जास्तीच्या वजनातलं साधारण साठ टक्के जातं. साडेचोपन्नचे साठ टक्के म्हणजे तेहेतीस किलो. ११६ उणे ३३, उरले ८३. दुसऱ्या बाजूनेही तेच येतं: एकूण वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के उतरलं तर ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात. आमच्याबरोबर ऑपरेशन झालेला एक सव्वीस वर्षांचा मुलगा होता, १६८ किलोचा. तो साठ किलो उतरला. मी चौतीस. ऐकणारा म्हणतो, बघ तो कसा उतरला! टक्क्यांत तो छत्तीस, मी तीस. शिवाय तो वयाने माझ्या निम्मा आणि पुरुष. किलोंची तुलना करणं म्हणजे घराघरांतल्या वीजबिलांची तुलना करण्यासारखं आहे, एसी कुणाकडे आहे ते कुणी बघत नाही.

घरी येऊन टार्गेट बदलायला गेले. ८३ टाकले. ॲप म्हणालं, 'कृपया निरोगी लक्ष्य निवडा.' ७५? तेच. ७०? तेच. ६१ला टिक. म्हणजे या चौकोनात मला खोटंच लिहावं लागणार होतं. कंटाळून पुन्हा ५७ केलं आणि ऑपरेशनला गेले.

पहिल्या दोन आठवड्यांत मात्र काटा मला फार आवडला, हे प्रामाणिकपणे सांगते. रोज सकाळी नवा आकडा. ऑपरेशनच्या दिवशी ११२.३ होते, महिन्याअखेर १०३.४. ॲपमध्ये एक रेघ असते, या वेगाने टार्गेट कधी गाठाल त्याची. माझी तारीख दाखवली जुलैमधली. मी बहिणीला फोन करून सांगितलं, जुलैत ५७! तिने हो म्हटलं, ती बिचारी कशालाही हो म्हणते. त्या रेघेला एवढंच कळत नव्हतं की पहिल्या दिवसांत जे जातं त्यात पाणी भरपूर असतं. शरीरातली साठवलेली साखर संपते आणि ती आपल्या तिप्पट पाणी घेऊन जाते. पुढे शरीर हलकं झालं की त्याचा खर्चही कमी होतो, म्हणून उतरण सपाट होत जाते. ॲपची रेघ पट्टीने मारलेली. माझी तारीख जुलैवरून सप्टेंबर, मग डिसेंबर, मग पुढचं वर्ष झाली. एके दिवशी त्या जागी नुसतं आडवं चिन्ह आलं. ॲपनेही नाद सोडला.

आता दुसरा दोष. तिसऱ्या आठवड्यात १०५.२वर काटा अडकला तो अकरा दिवस. मी वाटीभर वरणाचं पाणी, पनीरचे दोन तुकडे आणि प्रोटीनची पावडर एवढ्यावर जगत होते आणि वजन तसूभर हलत नव्हतं. रडले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आता पोटच नाहीये तर जाईल कुठून?" ताईंनी सांगितलं, तिसऱ्या आठवड्याचा हा थांबा जवळजवळ सगळ्यांना येतो, गेलेलं पाणी शरीर परत धरतं. पटलं. पण जूनमध्ये मुलीने वेगळंच पकडलं. मी उभी राहिले: ९१.४. उतरले, पाण्याने भरलेलं फुलपात्र हातात घेऊन परत चढले: ९१.४. भरलेला तांब्या घेऊन: ९२.६. म्हणजे फरक थोडासाच असला की हा शहाणा काटा नव्याने मोजतच नाही, मागचाच आकडा दाखवून मोकळा होतो, म्हणजे आपल्याला वाटतं काय अचूक वस्तू आहे. मध्ये तांदळाचा डबा ठेवून उचलला की खरा आकडा येतो. अकरा दिवसांतले किती दिवस शरीर थांबलं होतं आणि किती दिवस काटा, ते आता कधीच कळणार नाही. त्या अकरा दिवसांचं रडणं मी कंपनीकडे भरून मागायला हवं होतं.

त्याऐवजी टार्गेटच्या चौकोनाबद्दल ईमेल लिहिलं. एकूण सात. सर्जनच्या चिठ्ठीचा फोटोही जोडला. उत्तर यायचं, 'आपल्या आरोग्याची आम्हाला काळजी आहे, कृपया ॲप काढून पुन्हा टाका.' सातव्या उत्तरानंतर मी जो उपाय केला तो कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. सेटिंगमध्ये जाऊन उंची १५७ची १८३ केली. ८३ किलो टाकले. हिरवी टिक! सहा फुटी बाईला ८३ किलो शोभून दिसतात असं ॲपचं मत पडलं.

यातून एक फायदा अनपेक्षित झाला. दुसऱ्या दिवशी चरबीचा आकडा एका रात्रीत नऊ टक्क्यांनी खाली. काटा तळपायांतून बारीकसा वीजप्रवाह सोडतो आणि बाकी सगळं उंची, वय, वजनाच्या सूत्रातून काढतो, हे तेव्हा नीट कळलं. चरबी, स्नायू, हाडं, 'शरीराचं वय' असे तेरा आकडे तो दाखवतो. त्यातला एक काट्याचा, बाकी बारा अंदाजपंचे. पाणी कमी प्यायलात तरी चरबी वाढते त्याच्या लेखी. मी ते पान उघडणं बंद केलं.

ॲपला न कळलेली उद्दिष्टंही सांगायला हवीत. ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, वजन सोडून काय हवंय? मी तीन गोष्टी सांगितल्या: लोकलमधली चौथी सीट (तिघींच्या बाकावर कडेला टेकायची जागा), डोंबिवली स्टेशनचा पूल न थांबता, आणि शुगरची गोळी बंद. चौथी सीट म्हणजे काय ते मुंबईच्या गाडीत उभं राहिलेल्याला सांगायला नको. पूर्वी मी चौथी म्हणून टेकले की तिसरी बाई उठून उभी राहायची, 'बसा हो तुम्ही' म्हणत. त्यात दया असायची. एप्रिलमध्ये, ९५ला, एका बाईने मला न बघता, मोबाइलमध्ये डोकं घालून, कंबर सरकवून जागा दिली. न बघता! मी ठाण्यापर्यंत हसत होते. गोळी तर डॉक्टरांनी दुसऱ्याच महिन्यात थांबवली होती. पूल जुलैत झाला. तिन्ही गोष्टी झाल्या तेव्हा ॲप मला लाल रंगात 'मागे आहात' म्हणत होतं, म्हणजे उंची बदलण्याआधीपर्यंत.

चौथ्या महिन्यात केस गळाले, सहा-सात महिन्यांत थांबले. गोळ्या आयुष्यभर आहेत, कॅल्शियम आणि लोह दोन तासांच्या अंतराने. गणपतीत अर्धा मोदक. यावर लोकांनी भरपूर लिहिलंय.

डिसेंबरात ८३ झाले. ॲपमध्ये फुगे उडाले, 'अभिनंदन, तुम्ही निरोगी वजनात आहात!' दोन दिवसांनी एका लग्नात आत्या म्हणाल्या, "ऑपरेशन करूनही अजून अंगाने आहेसच की गं." दोघांपैकी कुणालाच माझी खरी उंची धड माहीत नाही असं म्हणून मी पुरणपोळीचा एक घास खाल्ला.

फेब्रुवारीत ८१.६ म्हणजे आजवरचं सगळ्यात कमी. गंमत बघा, या एकाच आकड्याचे तीन निकाल लागतात. ताईंच्या हिशेबाने जास्तीच्या वजनातले ६३ टक्के उतरले, अपेक्षेपेक्षा थोडे जास्तच. एकूण वजनाच्या हिशेबाने तीस टक्के, उत्तम. ५७च्या हिशेबाने ५८ टक्के, म्हणजे जेमतेम दुसरा वर्ग. बाई तीच, साडी तीच.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे द्यायचे ठरवले होते. मध्ये दोन गोष्टी घडल्या म्हणून मत थोडं बदलतेय.

पहिली म्हणजे काटा बंद असलेले दोन महिने. सुरुवातीला हात थरथरावेत तसं सकाळी व्हायचं. नवरा म्हणाला, "रद्दीवाल्याच्या काट्यावर उभी राहा, तो पैसे पण देईल." मग पंधरवड्यातून एकदा, ऑफिसच्या वाटेवरच्या दवाखान्यात वजन करायला लागले. मधल्या दिवसांतलं अर्धा किलो इकडे-तिकडे मला कळेनासं झालं. तेव्हा जाणवलं, मागचा आकडा चिकटून ठेवायची काट्याची ती लबाडी रोज मोजणाऱ्या माझ्यासारखीला कदाचित चांगलीच होती. फक्त सांगून करायला हवी होती.

दुसरी म्हणजे लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. एका शनिवारी काटा पिशवीत घालून ग्रँट रोडला उतरले. दुकानदाराने चार स्क्रू काढले, एका पायाच्या सेन्सरची वायर सुटली होती, डाग दिला, दीडशे रुपये घेतले. पाच मिनिटं. वॉरंटीबाहेर म्हणे! घरी येऊन उभी राहिले: ८३.६. सकाळीच दवाखान्यात ८२.९ भरले होते. म्हणजे आता तो सातशे ग्रॅम जास्त दाखवतो. परत घेऊन जायचं तर तिकीट आणि अर्धा दिवस. राहू दे.

फेब्रुवारीपासून सव्वा किलो वाढलंय खरं. सर्जनना विचारलं तर त्यांनी फिनलंडमधल्या 'स्लीव्हपास' अभ्यासाचे आकडे सांगितले: पाच वर्षांनी स्लीव्हवाल्यांचं जास्तीचं वजन सरासरी ४९ टक्के उतरलेलं होतं, दहा वर्षांनी ४४च्या आसपास. म्हणजे तळ गाठल्यावर थोडं वर येणं हे हिशेबातच धरायचं. "पाच वर्षांनी ८८ला स्थिर असाल आणि शुगर अशीच असेल," ते म्हणाले, "तर मी पेढे देईन, तुम्ही खाऊ नका." एरवी मी खचले असते. त्या दिवशी घरी आल्यावर मुकाट्याने पाच वर्षांनंतरचं टार्गेट ८८ टाकायला घेतलं.

तीन तारे. एक तांदळाच्या डब्यासाठी कापला, एक चौकोनासाठी. ८८ तो घेत नाहीये. हिशेब केला: त्यासाठी मला १८८ सेंटीमीटर व्हावं लागेल, अजून पाच.