फियाटला कुठला पंखा: बेल्टवरचा की इलेक्ट्रिक?

मागच्या महिन्यात एका मित्राने 1988 ची पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, घेतली. घेतल्यावर आठ दिवसांत त्याचा फोन आला: गाडी तापते, मूळचा बेल्टवरचा लोखंडी पंखा ठेवू की मारुतीचा इलेक्ट्रिक बसवू? माझी गाडी 1986 ची. आठ वर्षं ती लोखंडी पंख्यावर चालली, मधे दीड वर्ष प्लास्टिकच्या जास्त पात्यांचा पंखा होता, आणि गेले चार पावसाळे इलेक्ट्रिक आहे. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक विनंती. रेडिएटर उतरवून साफ करून घेतल्याशिवाय पंख्यावर एक रुपयाही घालवू नका. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजलेल्या असतात. तिथे कुठलाही पंखा काही करू शकत नाही. झाकणाचं रबरही बघा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे उघडं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. झाकण दाब धरत नसेल तर तापमानाचा काटा लाल रेघेला टेकायच्या आधीच पाणी बाहेर यायला लागतं. आणि कुणी मिस्त्रीने थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला असेल, जे आपल्याकडे सर्रास होतं, तर तो परत बसवा.

आता लोखंडी पंखा. वॉटर पंपाच्या पुलीवर बसलेला, इंजिन फिरतंय तोवर फिरणारा. त्याच्यात बिघडण्यासारखं जवळपास काही नाही. बेल्ट तुटला तर त्याच बेल्टवरचा, बॅटरी चार्ज करणारा डायनॅमोही थांबतो, चार्जिंगचा लाल दिवा लागतो आणि तुम्हाला लगेच कळतं. हा गुण फार मोठा आहे, पुढे पुन्हा सांगतो. त्याचा दोष एवढाच की तो इंजिनचा वेग बघतो, इंजिनची उष्णता बघत नाही. हायवेवर साठच्या वेगाने समोरून हवा येतच असते, तरी हा जोरात घुमत राहतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला फिरवायला आठपट ताकद लागते, आणि आपल्याकडे 1089 सीसीचं, चाळीसेक घोड्यांचं इंजिन आहे. उलट गळीत हंगामात गगनबावड्याच्या रस्त्यावर कळे गावाच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असताना, जेव्हा वारा हवा असतो, तेव्हा हा मंद फिरतो.

प्लास्टिकचा पंखा त्याच पुलीवर बसतो, वजनाला हलका असतो, आवाज कमी करतो. रेडिएटरभोवती पत्र्याचा घेर नसेल तर उद्यमनगरात मापाने वाकवून घ्या, हवा बाजूने निसटत नाही. माझ्या गाडीला नुसत्या या घेराने पंख्याच्या बदलापेक्षा जास्त फरक पडला असं मला वाटतं. उन्हाळ्यापुरता प्रश्न असेल तर इथेच थांबायला हरकत नाही.

मी थांबलो नाही, कारण माझा प्रश्न उन्हाळ्याचा नव्हताच. माझा प्रश्न परीख पुलाचा होता.

मी राजारामपुरीत राहतो, काम स्टेशनच्या पलीकडे. या रेल्वेपुलाखालून रोज जाणं-येणं. जुलैत तासभर जोराचा पाऊस झाला की तिथे पाणी साचतं हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. अर्धं चाक पाणी असेल तर पद्मिनी सहज निघते, पण समोरून एखादा टेम्पो आला की त्याची लाट बंपरवरून आत येते, पंख्याच्या पात्यांना लागते आणि पंखा ते पाणी बादलीने मारावं तसं मागे इंजिनवर फेकतो. प्लगना ठिणगीची वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी भिजते, प्लगच्या वायरी भिजतात. इंजिन दोन सिलिंडरवर येतं, खोकतं आणि बंद पडतं. बरोबर मधोमध. मागे हॉर्न, आत बायको आणि शाळेतून आणलेली मुलगी, बूट काढून पाण्यात उतरायचं आणि ढकलायचं.

एका पावसाळ्यात हे पाच वेळा झालं. पाचव्या वेळी पुलाच्या चढाला गाडी लावून बोनेट उघडलं तेव्हा टोपीच्या आत पाण्याचे थेंब मोत्यासारखे लटकत होते आणि पंख्याच्या पात्याला प्लास्टिकच्या पिशवीची चिंधी गुंडाळलेली होती. शेजारच्या टपरीवरच्या माणसाने कोरडं फडकं दिलं. आमच्या मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "साहेब, टोपी नाय, फॅन बघा. त्योच पाणी मारतोय. लांब पाण्यात जायाचं असलं की आमी पूर्वी बेल्टच उतरवून जायाचो." रोज संध्याकाळी पुलाच्या अलीकडे बेल्ट कोण उतरवणार? टोपीवर रबराचा हातमोजा चढवून पाहिला, वायरींना ग्रीस लावून पाहिलं. दर पावसाला धाकधूक मात्र तशीच राहिली, आणि शेवटी मला तीच सहन होईना.

इलेक्ट्रिक पंखा पाण्यात शिरताना थांबलेला असतो. सगळी गोष्ट एवढीच आहे. मारुती 800 चं इंजिन आडवं, म्हणून तिला बेल्टवरचा पंखा सोयीचा नव्हता; मोटरचा पंखा आणि पाणी तापलं की तो सुरू करणारा थर्मो स्विच हे तिच्या घडणीतच आलं. तोच जोड मी पद्मिनीला बसवला. पावसात पाणी नव्वदच्या खाली असतं, पंखा फिरतच नाही. शिवाय डॅशबोर्डखाली एक बटण घेतलं आहे, पुलाच्या अलीकडे ते बंद करतो. कारण चालू पंख्याची पाती पाण्यात सापडली तर वाकून रेडिएटरला घासू शकतात. तेव्हापासून त्या पुलाखाली गाडी एकदाही बंद पडलेली नाही. पाणी चाकाच्या वर असेल तर मात्र मी अजूनही वळसा घालून जातो.

पण हे काम स्वस्तात होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पहिली अडचण डायनॅमो. असा पंखा अंदाजे सात ते दहा अँपिअर खातो, आणि आयडलला, म्हणजे गाडी उभी राहून इंजिन मंद चालू असताना, डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे सिग्नलला उभं राहिलात की पंखा बॅटरीवर चालतो आणि हेडलाइट पिवळे पडतात. आधी डायनॅमोच्या जागी आयडललाही वीज देणारा अल्टरनेटर, मग पंखा. हा क्रम उलटा करू नका.

दुसरी अडचण वायरिंगची. पहिल्यांदा ज्या दुकानात बसवून घेतला तिथे रिले (मोठा करंट स्वतःवर घेऊन स्विच वाचवणारा जोड) न घालता बारीक वायर थेट स्विचवरून नेली. तीन आठवड्यांत कनेक्टर वितळला, जळका वास आला म्हणून वाचलो. रिले, वेगळा फ्यूज आणि जाड वायर, यात तडजोड नाही. तिसरी अडचण जागेची. मी पंखा इंजिनच्या बाजूला बसवला. मोटरचं टोक आणि पंपाची पुली यांत दोन बोटांचं अंतर ठेवलं, कारण ब्रेक मारला की इंजिन माउंटिंगवर पुढे झुकतं. काही जण जाळीमागे, पुढच्या बाजूला बसवतात आणि वारा मागे जावा म्हणून वायरी उलट्या जोडतात. पंखा उलटा फिरतो खरा, पण पाती एकाच दिशेसाठी वळवलेली असल्याने वारा फार कमी मिळतो.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. लोखंडी पंखा मेला की लाल दिवा लागतो. इलेक्ट्रिक पंखा गुपचूप मरतो. फ्यूज उडाला तर सांगणारं कुणी नाही, फक्त काटा. म्हणून मी बटणाशेजारी पंख्याच्या वायरीवर एक छोटा हिरवा दिवा लावून घेतला आहे. ज्यांची नजर काट्यावर जात नाही, किंवा गाडी घरातला दुसरा कुणी चालवतो, त्यांनी याचा शांतपणे विचार करावा.

घाटाचं म्हणाल तर मे महिन्यात वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याला आलो, चौघे आणि आंब्याच्या दोन पेट्या. पंखा बराच वेळ चालू होता, काटा मधल्या रेघेच्या जरा वर जाऊन थांबला. मारुतीचा पंखा 796 सीसीच्या इंजिनासाठी केलेला, तेव्हा तुमच्या गाडीत तो पुरेल अशी हमी मी देणार नाही. माझ्यात पुरला. पेट्रोलमध्ये मला फारसा फरक दिसला नाही.

तुमची गाडी रविवारी पन्हाळ्याला जाऊन येण्यापुरतीच निघत असेल, डायनॅमो मूळचा असेल आणि तो तसाच ठेवायचा असेल, तर लोखंडी पंखा आणि पत्र्याचा घेर ठेवा. मीही तेच केलं असतं. पण पावसाळ्यात रोज गाडी काढणार असाल तर माझं मत एव्हाना तुम्हाला कळलंच असेल.

जुना लोखंडी पंखा भंगारात देऊ नका. माझा गोणपाटात गुंडाळून, बोल्टांसकट डिकीत असतो, सोबत दोन पाने. घराच्या अंगणात एकदा इलेक्ट्रिक उतरवून तो चढवून पाहिला, पस्तीस मिनिटं लागली.