टाकी उपसायची गाडी : काम चोख, पण एक स्टार कापलाय

आमची सोसायटी 12 फ्लॅटची, पुण्याच्या बाहेर, ड्रेनेज लाईन अजून आलेली नाही त्यामुळं सगळं सेप्टिक टँकवर. खालच्या फ्लॅटच्या बाथरूममधून उलटं पाणी यायला लागलं तेव्हा कुठं सगळ्यांना टाकीची आठवण झाली.

आधी जो आला त्याचं सांगतो. 1500 म्हणाला. गाडी नाहीच, दोन पोरं, बादल्या आणि दोर. म्हटलं आत उतरवणार का यांना? तर म्हणे हो साहेब, तासभर झाकण उघडं ठेवू, गॅस जातो निघून, हवं तर काडी पेटवून बघतो. अहो मिथेन असतो त्यात, काडी कसली पेटवताय! आणि हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशीच बसून राहतो, गाळ ढवळला की अजून सुटतो आणि फार वाढला की नाकाला तो सडक्या अंड्याचा वासच येईनासा होतो, म्हणजे पोरगं समजणार गॅस गेला. मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही तिथंच पडतो. परत पाठवलं त्यांना. तर आमच्यातलेच एक काका, 'ते करतात की रोज, तुम्हालाच फार'. मग ग्रुपवर टाकलं की 2013 च्या कायद्यानं सेफ्टीच्या साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवला तर उतरवणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत जेल, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि 2023 ला सुप्रीम कोर्टानं अशा मृत्यूची भरपाई 10 वरून 30 लाख केलीय. 30 भागिले 12 किती ते काकांनी लगेच काढलं असणार, कारण नंतर ते बोललेच नाहीत.

मग ही सक्शनची गाडी बोलावली. एका खेपेचे 3500, दोन खेपा लागल्या. वेळेवर आले, पाईप सोडला, पंप चालू, घट्ट झालेला गाळ पाण्याच्या प्रेशरनं फोडून ओढला. आत कोणी उतरलं नाही. दीड तासात टाकी रिकामी, अंगणात एक थेंब नाही. गाळ कुठं नेता विचारलं तर मैल्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्लांटची पावती दाखवली.

आता स्टार का कापला. मध्येच पाईप चोक झाला. हेल्परनं पाईपचं तोंड उचललं आणि हात घालून ओढून काढलं, सॅनिटरी पॅड, एकाला एक चिकटलेले चार-पाच, आणि वेफर्सचं पाकीट. उघड्या हातानं. पायात स्लिपर. मालकाला फोन केला तर म्हणे ग्लोव्हज देतो हो, तेच घालत नाहीत. पोरगा म्हणाला एकच जोड दिलेला, दिवाळीतच फाटला. रोज 600 मिळतात, खेप दोन असो की सहा. आणि पॅड काही मालकानं टाकले नव्हते टाकीत, ते आमचेच. एक स्टार खरं तर आमचाही कापायला पाहिजे.

हात धुवायला तो बागेच्या नळाकडं निघाला तर वरून आवाज आला, तिथं नको, बाहेरच्या नळावर. मी घरातून साबण आणून दिला, त्यानं कोपरापर्यंत तीनदा धुतलं.

बोलावणार असाल तर झाकणावर फरशी बसवली असेल ती आधीच फोडून ठेवा, आणि गेटपाशी लावलेल्या टू व्हीलर हलवा, गाडी रिव्हर्सनं आत येते. आमचा अर्धा तास त्यातच गेला.