गावातलं फायबर नेट: स्पीड मग विचारा, तार तुटल्यावर कोण येते ते आधी विचारा

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर घरी फायबर, म्हणजे काचेच्या तारेतून येणारं नेट, घेतलं अन् आता वावरातली पऱ्हाटी उपटून झाली, म्हणजे पाणी, वारा, सोयाबीनची सोंगणी, कापूस सगळं या कनेक्शनवरून गेलं, तेव्हा आता रिव्ह्यू लिहायला हरकत नाही. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापला तो कंपनीच्या कॉल सेंटरसाठी, त्याबद्दल खाली लिहितोच.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण हीच कंपनी, हाच प्लॅन, हाच डबा (राउटर) बाजूच्या सर्कलमधल्या माझ्या साळ्याच्या गावात आहे अन् तिथं लोकं वैतागून कनेक्शन काढून राह्यले, अन् आमच्या इथं झकास चालू आहे. फरक एकच, लाइन सांभाळणारा माणूस. आमच्याकडचा पोरगा फोन उचलते अन् येते, तिकडचा उचलत नाही. म्हणून कोणी विचारलं की भाऊ कोणतं फायबर घेऊ, तर मी आधी विचारतो की तुमच्या गावाची लाइन कोणाकडं आहे, तो राहते कुठं, अन् त्याच्याकडं तार जोडायचं स्वतःचं मशीन आहे का.

पैशाचं आधी सांगून देतो. ३९९ चा प्लॅन, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४७१ रुपये महिना. जाहिरातीत ३९९ दिसते, खिशातून ४७१ जाते. स्पीड ३० एमबीपीएस. हे ३० म्हणजे ३० एमबी सेकंदाला असं नसते, ते मेगाबिट असतात, आठानं भागायचं, म्हणजे पावणेचार एमबी सेकंदाला. अनलिमिटेड म्हणतात त्याला पण महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, बहुतेक कंपन्यांची तेवढीच आहे, पण घरच्या वापरात ती काही संपत नाही. माझा पोरगा बारावीला आहे, त्याचे ऑनलाइन लेक्चर, घरच्यांच्या मालिका, माझे बाजारभावाचे व्हिडिओ, सगळं मिळून पुरते. टेस्ट केली तर २८-२९ दाखवते. ट्राय म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, तिच्या व्याख्येत २ एमबीपीएसच्या वर गेलं की ब्रॉडबँड, पण २ वर एक लेक्चर धड चालत नाही, ३० वर चार जण आरामात बसतात. त्याहून मोठा प्लॅन गावातल्या घराला लागत नाही हे माझं मत आहे, दुकानदार १०० एमबीपीएसचा गळ्यात मारायला पाहते, घेऊ नका.

आता हे मोबाईलच्या हिशोबात बसवून पाहा. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं तेव्हा गावात पोरं फुकट नेटवर तुटून पडली, अन् पुढचे कितीतरी वर्ष स्वस्तच होतं, म्हणून घरी वायर ओढायचा कोणी विचारच केला नाही. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी भाव वाढवले, जिओचा रोज दीड जीबीवाला २३९ चा रिचार्ज २९९ वर गेला. अन् तो २८ दिवसांचा, म्हणजे वर्षात बारा नाही तेरा रिचार्ज. एका फोनचे वर्षाला ३८८७ रुपये झाले. घरात चार फोन असले तर करा हिशोब. फायबर आल्यावर आम्ही आईच्या फोनमध्ये नुसत्या बोलण्याचा पॅक टाकतो. ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला की नेट नसलेले, फक्त कॉल अन् एसएमएसचे पॅक पण द्यावेच लागतील, अन् त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते. हे पॅक दुकानदार स्वतःहून सांगत नाही, ॲपमध्ये पण खाली कुठंतरी असतात, मागून घ्यावे लागतात. म्हाताऱ्या माणसांसाठी हाच घ्या, फोन घरी असला की वायफाय आहेच.

आता मुख्य गोष्ट. कुटाराची ट्रॉली. सोंगणी झाली की सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, ट्रॉलीत भरून वर ताडपत्री बांधतात, त्याची उंची एवढी होते की रस्त्यावरून आडवी गेलेली तार अडकलीच म्हणून समजा. आमची तार पहिल्यांदा तशीच तुटली. डब्यावर लाल लाइट लागला, त्याला एलओएस म्हणतात, म्हणजे उजेडच येऊन राह्यला नाही. लाल लाइट दिसला की राउटर बंद-चालू करत बसू नका, त्यानं काही होत नाही, तार कुठंतरी गेली आहे. मी लाइनवाल्या पोराला फोन लावला. तो म्हणे, "काका, कापसाच्या गाडीवर हमाली करून राह्यलो, चार वाजता येतो." अन् चारच्या सुमारास आला बरोबर.

मी बाजूला बसून पाहिलं. आधी त्यानं दोन्ही टोकांचं काळं कव्हर सोललं, आतून पांढरी-निळी नळी, तिच्या आत काचेचा धागा, कोटिंग काढल्यावर १२५ मायक्रॉनचा, डोळ्याला नीट दिसत पण नाही. स्पिरिटच्या कापसानं पुसला, छोट्या कटरनं एकदम सरळ कापला. मग मशीनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर ठेवली, मशीनच्या स्क्रीनवर ती मोठी दिसतात, कापणं तिरपं असलं तर मशीन घेतच नाही, त्यानं एक टोक पुन्हा कापलं. मग बटन दाबलं, बारीक ठिणगी झाली अन् काच काचेला चिकटली. लॉस, म्हणजे जोडात वाया जाणारा सिग्नल, ०.०२ दाखवला. वरून प्लास्टिकची नळी चढवून तापवली. घरी येऊन डब्याची वायर काढून सिग्नलची ताकद मोजायचं मीटर लावलं, वजा २१ डीबीएम. मला म्हणे वजा २५ च्या आत आहे तोवर टेन्शन नाही, २७ च्या पलीकडं गेलं की लाइन तुटक चालते. नंतर तार वर घ्यायला शेजाऱ्याच्या टिनावरून बांबू उभा करून ती उंच बांधली. मी पैसे देऊ केले तर घेत नव्हता, म्हणे कंपनी देते. नंतर कळलं की कंपनी त्याला प्रति कनेक्शन महिन्याला थोडे पैसे देते, पेट्रोलचे वेगळे काहीच नाही, अन् ऐन पावसात गाडी चिखलातून काढत येते तो. ही गोष्ट मला अजिबात पटली नाही. ज्याच्या भरवशावर गावभराचे बिल येऊन राह्यले त्याला पेट्रोल तरी द्या.

साळ्याच्या गावात काय होते? तिथं मशीन येतच नाही. तार तुटली की दाबून बसवायचा प्लास्टिकचा फास्ट कनेक्टर लावून मोकळे होतात. तो लावायला सोपा, पण काच काचेला नुसती टेकवलेली असते, जोडलेली नाही, धूळ गेली, उन्हानं ढिला झाला की सिग्नल पडते. एका लाइनवर असे तीन-चार जोड झाले की संध्याकाळी नेट येते-जाते, येते-जाते, अन् लोकांना वाटते कंपनीचं नेटच खराब. म्हणून जोडणारा आला की त्याच्याजवळ उभे राहा अन् मशीननंच जोड मारायला लावा, मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढच्या वेळी कामी येते.

माकडांचा पण त्रास आहे. लंगूर तारेला लटकतात, झोके घेतात. त्याला कोणाकडं उपाय नाही, तार झाडावरून न नेता पोलावरून न्यायची एवढंच. अन् जमिनीतली मेन केबल जेसीबीनं तोडली तर अख्खं गाव बंद, नळयोजनेची पाइपलाइन खोदताना आमच्याकडं ते झालं. तेव्हा गावचा पोरगा पण काही करू शकत नाही, वरची टीम लागते.

लाइट. याच्यावर कोणी बोलत नाही अन् आमच्याकडं हाच मोठा प्रश्न. लाइट गेली की डबा बंद, नेट बंद. डब्याला १२ व्होल्टचा अॅडाप्टर असतो, त्याच्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस भेटते, ऑनलाइन किंवा यवतमाळला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. कनेक्शनसोबतच घ्या, नाहीतर निम्मा फायदा गेला. आमचा दीड-दोन तास आरामात चालते. गंमत म्हणजे लाइट जास्त वेळ गेली की टॉवरची बॅटरी पण उतरते अन् मोबाईलचं नेटवर्क गायब होते, तेव्हा यूपीएसवर आमचं फायबर चालूच राहते, शेजारचे लोक ओट्यावर येऊन बसतात. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या वेळी तर गल्लीतल्या बाया आमच्याच ओट्यावर होत्या, ओटीपी आला की लगेच टाकायचा म्हणून. विजा कडाडायला लागल्या की मात्र अॅडाप्टर बोर्डातून काढून ठेवा, काचेतून करंट येत नाही पण लाइटच्या वायरनं येते अन् डबा जळते.

वायफाय कॉलिंग चालू करा. आमच्या जुन्या घराच्या भिंती मातीच्या, दीड-दीड हात जाड, आत मोबाईलला एक काडी नाही, फोन आला की अंगणात पळायचं. फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं अन् हा त्रास संपला. बहुतेक नवीन फोनमध्ये आहे, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. पण याच जाड भिंतींमुळे वायफाय पण आतल्या खोलीत पोहोचत नाही. डबा ओसरीत मध्यभागी उंचावर लावा, देव्हाऱ्याच्या मागं कोपऱ्यात नको. अन् डबा वायफायची दोन नावं दाखवत असेल तर लांबच्या खोलीसाठी २.४ वालं वापरा, ५ वालं जवळ फास्ट आहे पण भिंत पार करत नाही.

आता कापलेला स्टार. लाइनवाला पोरगा लग्नाला गेला होता तेव्हा तार तुटली, मी कॉल सेंटरला लावला. इंग्रजी, हिंदी, मराठी दाबा, मग गाणं, मग एक मुलगी म्हणते राउटर रीस्टार्ट करा. लाल लाइट आहे बाई, सांगून सांगून थकलो. तक्रार घेतली अन् दुसऱ्या दिवशी मेसेज आला की तुमची समस्या सोडवली. कोणी आलंच नव्हतं! पुन्हा तक्रार, पुन्हा तोच मेसेज. शेवटी पोरगा गावात परतला तेव्हाच लाइन चालू झाली. माणूस न पाठवता तक्रार बंद करणं हे सरळ खोटं आहे, अन् त्याचं बिल पण आपण पूर्ण भरायचं. असं झालं तर तक्रारीचा नंबर लिहून ठेवा, मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा, अन् ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं अपील करा, फी लागत नाही, प्रत्येक कंपनीच्या साइटवर पत्ता असतो. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, बरेच जण तिथं लिहून वाट पाहत बसतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण सांगता येते. मी अपील केल्यावर बंद राहिलेल्या दिवसांची मुदत वाढवून भेटली.

वावरात याचा उपयोग नाही हे पण साफ सांगतो. ई-पीक पाहणीचा, म्हणजे ॲपवर पीक नोंदवायचा, फोटो वावरात उभं राहूनच काढावा लागते, तिथं टॉवरच लागते. घरी येऊन अपलोड करताना मात्र फायबर कामी येते. सीसीआयला, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, कापूस द्यायचा तर आता कपास किसान ॲपवर नोंदणी करावी लागते, २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता अन् व्यापारी त्याच्या खाली मागत होते, त्यामुळे नोंदणीला महत्त्व आलं. गावातल्या कितीतरी जणांची कागदं आमच्या ओसरीतून चढली. पहिले याच कामासाठी घाटंजीला जाऊन दिवस मोडायचा.

ज्यांचं घर वावरात किंवा गावाबाहेर आहे त्यांना तार ओढणं परवडत नाही. त्यांच्यासाठी ५जीवर चालणारं एअरफायबर आहे, पण आधी छतावर चढून फोनमध्ये ५जी किती येते ते पाहा, मधात टेकडी असली तर पैसे घालवू नका. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झालं, ज्या खेड्यात दुसरा टॉवरच नाही तिथं ते पाहण्यासारखं आहे. भारतनेटची, म्हणजे गावोगाव फायबर नेण्याच्या सरकारी योजनेची, केबल बऱ्याच ग्रामपंचायतीपर्यंत आलेली आहे, २०२३ च्या सुधारित योजनेत तिथून घरोघरी कनेक्शन द्यायला गावातलेच उद्यमी नेमायचं ठरलं, तेव्हा आपल्या ग्रामसेवकाला एकदा विचारून घ्या की आपल्याकडं कोण आहे.

मी पुढं चालू ठेवणार. पण वर्षाचं एकदम भरा, एक महिना फ्री देतो असं ॲप रोज दाखवते, ते घेणार नाही, महिन्या महिन्यानंच भरीन. लाइनवाला पोरगा पोलीस भरतीची तयारी करून राह्यला, तो लागला तर त्याच्या जागी कोण येते ते पाहिल्याशिवाय वर्षाचे पैसे अडकवत नाही.