एमआयटी की कॉर्नेल: 'अर्ली' अर्जावर सही करण्याआधी

२०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आलं. पुण्यात दादाच्या घरी पूजा आटोपली आणि माझी पुतणी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या अर्जांची मुदत त्याच रात्री ११:५९ ला संपत होती. एमआयटीचा अर्ज तयार होता. कॉर्नेलच्या अर्जातला करार मात्र सहीवाचून अडला होता. इथे न्यू जर्सीत सकाळ होती. फोन आला, "आत्या, सही करू का?"

दोन्हींना आपण सरसकट 'अर्ली' म्हणतो, म्हणजे जानेवारीच्या नेहमीच्या फेरीआधी भरायचा अर्ज, पण जात वेगळी आहे. एमआयटीची अर्ली अ‍ॅक्शन बंधनकारक नाही. निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो आणि प्रवेश मिळाला तरी १ मेपर्यंत विचार करता येतो. कॉर्नेलची अर्ली डिसिजन म्हणजे शब्द देणं: घेतलंत तर येणारच, बाकी सगळे अर्ज मागे घेणार. त्यावर विद्यार्थ्याबरोबर पालकांची आणि शाळेचीही सही लागते.

'लवकर भरला तर चान्स वाढतो' हे एमआयटीच्या बाबतीत मनातून काढून टाका. २०२३ च्या अर्ली फेरीत १२,५६३ अर्ज आले आणि ६६१ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे शंभरात पाच. त्या वर्षीचं एकूण प्रमाणही त्याच्या आसपासच होतं. आठ हजारांवर मुलं 'डिफर' झाली, म्हणजे त्यांचे अर्ज नेहमीच्या फेरीत पुन्हा वाचले गेले. कॉर्नेलमध्ये फरक खरंच दिसतो. २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या बॅचसाठी अर्लीतून सुमारे २३ टक्के, तर एकूण साधारण ११ टक्के. पण त्या २३ मध्ये खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुलं आणि माजी विद्यार्थ्यांची मुलंही धरलेली असतात. पुण्यातून अर्ज करणाऱ्या मुलीने तो आकडा आपला समजू नये.

खरा प्रश्न पैशांचा आहे आणि मी इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. दोन्हीकडे वर्षाचा एकूण खर्च ८५,००० डॉलरच्या पुढे जातो, म्हणजे सत्तर लाखांवर. एमआयटी परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना कुटुंबाची ऐपत पाहत नाही आणि निवड झाल्यावर गरजेइतकी मदत देते. कॉर्नेलमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी मदतीचा निधी मर्यादित आहे आणि मदत मागितली की ती गोष्ट निवडीच्या वेळीही विचारात घेतली जाते. मदत अपुरी पडली तर करारातून सुटता येतं, हे खरं. पण तेव्हा बहुतेकदा हातात प्रवेशाचं दुसरं एकही पत्र नसतं आणि जानेवारीच्या मुदती डोक्यावर असतात.

दादाचं घराचं कर्ज अजून फिटायचं होतं. मी सांगितलं, सही नको. एमआयटीचा अर्ज त्या रात्री गेला, कॉर्नेलचा जानेवारीतल्या नेहमीच्या फेरीत गेला. एमआयटीने तिला डिफर केलं. वाईट वाटलं, पण १ नोव्हेंबरनंतरच्या दोन महिन्यांत बाकीच्या अर्जांसाठीचा तिचा निबंध पार बदलला. आधी रोबोटिक्स स्पर्धेच्या ट्रॉफीबद्दल होता. नंतर तिने आजीच्या जुन्या मिक्सरबद्दल लिहिलं: मोटर उघडली, झिजलेले कार्बन ब्रश काढले, तुळशीबागेजवळच्या दुकानातून नवे आणले, पहिल्यांदा उलटे बसवले. वाचताना मला ती मुलगी दिसली. शेवटी ती तिसऱ्याच कॉलेजात गेली. तिथलं आणि आणखी एकाचं अशी मदतीची दोन पत्रं शेजारी ठेवून दादाने हिशेब मांडला. करार केला असता आणि कॉर्नेलने घेतलं असतं, तर ही तुलना करताच आली नसती.

इथल्या, अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी माझं उत्तर वेगळं आहे. मूल अमेरिकन नागरिक असेल, कॉर्नेलच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरने (मदत वजा जाता किती खर्च पडेल याचा अंदाज देणारं साधन) दाखवलेला आकडा झेपत असेल आणि कॉर्नेलच मनात पहिलं असेल, तर बिनधास्त सही करा. दोन्हीकडे एकदम अर्ली भरायला नियमांची आडकाठी नाही. पण कॉर्नेलने घेतलं की एमआयटीचा अर्ज मागे घ्यावा लागतो, डिसेंबरात तिथेही नाव लागलं तरी. म्हणून ज्याचं पहिलं प्रेम एमआयटी आहे, त्याने कॉर्नेलचा करार करू नये.

डिसेंबरात निवड झाली तर लवकर भरण्याचा एक फायदा भारतातल्या मुलांना होतो: जानेवारीच्या जेईई मेनआधी निबंध लिहीत बसावं लागत नाही. मात्र त्यासाठी सॅट (अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीची प्रवेशपरीक्षा) ऑगस्टमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये उरकलेली बरी, आणि सहामाही परीक्षा त्याच दिवसांत असते. अर्जातला शाळेचा भाग काउन्सेलरने भरायचा असतो. आपल्या बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत काउन्सेलर नसतो, तो भाग प्राचार्यांनाच भरावा लागतो. त्यांच्याकडे आणि शिफारसपत्र देणाऱ्या सरांकडे गणपती झाल्या झाल्या जा. दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसला कुलूप असतं.