सॅन वान की पावडर रिव्हर? कोळशातला वायू जोखताना

कोळशाच्या थरांत अडकलेला मिथेन वायू जिथे काढतात अशी अमेरिकेतली ही दोन खोरी शेजारी ठेवली की नुसत्या वायूच्या प्रमाणावर भाळणं किती महागात पडेल ते कळतं.

न्यू मेक्सिको-कोलोरॅडोतल्या सॅन वान खोऱ्यातला फ्रूटलँड थरांचा कोळसा बिट्युमिनस, म्हणजे बऱ्यापैकी परिपक्व. त्याच्या उत्तम पट्ट्यात टनामागे 15 घनमीटरच्या आसपास वायू सापडतो. वायोमिंगच्या पावडर रिव्हरमधला कोळसा कमी परिपक्व. तिथे टनामागे जेमतेम एक-दोन घनमीटर. कागदावर सामना एकतर्फी!

पण पावडर रिव्हरचे थर काही ठिकाणी 30 मीटरहून जाड, उथळ आणि भेगाळलेले. वायूची विहीर झटपट आणि स्वस्तात होते, वायूला वाटही सहज मिळते. म्हणून 1990 च्या दशकाअखेर तिथे विहिरींचा सपाटा सुरू झाला.

मोजणीतही फरक पडतो. थरात छिद्र पाडून काढलेला कोळशाचा गाभा (दंडगोल नमुना) वर येताच हवाबंद डब्यात घालून, थराच्याच तापमानाला ठेवून सुटणारा वायू मोजतात. वर येईपर्यंत निसटलेला वायू मात्र अंदाजानेच धरावा लागतो. मुळात वायू कमी असलेल्या कोळशात मोजणीतली छोटी चूकही हिशोब बिघडवते.

शिवाय पाणी. थरात साचलेलं पाणी उपसून दाब उतरवल्याशिवाय वायू सुटत नाही. सॅन वानचं खारं पाणी बहुतांशी खोल विहिरींत परत सोडतात; पावडर रिव्हरचं बरंच पाणी ओढ्यांत सोडलं गेलं आणि त्यातल्या सोडियममुळे शेतजमिनीचा वाद पेटला.

दीर्घकाळ भरघोस उत्पादन हवं तर माझं मत सॅन वानला. भांडवल बेताचं असेल, तर पावडर रिव्हरसारखा थर; पण पाण्याची सोय आधी.