ग्रुलियास्कोचं तोरिनो म्युझियम: एर्बस्टाइनच्या बॅगेपुढून घाईने पुढे जाऊ नका

तोरिनोत, म्हणजे इटलीतल्या ट्यूरिन शहरात, येणारे आपल्याकडचे फुटबॉलवेडे बहुतेक युव्हेंटसचं म्युझियम बघतात आणि परततात. मी इथेच राहते, म्हणून आग्रहाने सांगते, अर्धा दिवस शहराला लागून असलेल्या ग्रुलियास्कोसाठी ठेवा. तिथे व्हिला क्लारेत्ता नावाच्या जुन्या हवेलीत २००८ पासून ‘ग्रांदे तोरिनो’चं, म्हणजे शहराच्याच नावाच्या तोरिनो क्लबच्या १९४० च्या दशकातल्या दिग्गज संघाचं, म्युझियम आहे. क्लबवर जीव असलेले स्वयंसेवक ते चालवतात, आणि खरा फरक तिथेच पडतो. पाटी वाचून जे कळत नाही ते ही माणसं तोंडपाठ सांगतात.

४ मे १९४९. लिस्बनला बेनफिकाशी सामना खेळून परतणाऱ्या या संघाचं विमान धुक्यात शहराजवळच्या सुपेर्गाच्या टेकडीवरच्या बासिलिकाच्या (मोठ्या चर्चच्या) मागच्या बाजूला आदळलं. ३१ जण गेले, त्यात १८ खेळाडू. विमानाचा पंखा, एक चाक, पत्र्याचे तुकडे इथे ठेवलेत. सगळे फोटो काढतात ते त्यांचेच.

मला मात्र धरून ठेवलं ते एर्नो एर्बस्टाइन यांच्या बॅगेने. प्रवासाची साधी बॅग, अपघातातून वाचलेली. हंगेरीचे हे ज्यू प्रशिक्षक १९३८ मध्ये तोरिनो क्लबमध्ये आले, आणि त्याच वर्षी मुसोलिनीच्या राजवटीने ज्यूंविरुद्ध वंशकायदे आणले. इटली सोडावी लागली. १९४४ मध्ये हंगेरीत सक्तमजुरीच्या छावणीत पडले, तिथून निसटले. युद्ध संपल्यावर क्लबचे अध्यक्ष फेरुच्चो नोव्हो यांनी त्यांना परत बोलावलं. इतकं सगळं पार करून आलेला माणूस त्या टेकडीवर गेला, हे बॅगेसमोर उभं राहिल्यावर फार लागतं. मोठ्या संघाच्या गोष्टीत प्रशिक्षकाला एवढी जागा क्वचितच मिळते, आणि या म्युझियमला माझे पूर्ण गुण त्यासाठीच.

शेजारी कप्तान वालेंतिनो माझ्झोलाची बॅग आहे. फिलाडेल्फिया या क्लबच्या घरच्या मैदानावर संघ रेंगाळू लागला की ओरेस्ते बोल्मिदा हा रेल्वेतला माणूस स्टँडमधून तुतारी फुंकायचा, माझ्झोला बाह्या वर सारायचा, आणि पुढची पंधरा मिनिटं समोरच्याची धडगत नसायची. हा किस्सा स्वयंसेवकांकडून ऐकाच, विचारा मुद्दाम. ११ मे १९४७ ला हंगेरीविरुद्ध इटलीच्या अकरांत दहा जण तोरिनोचे होते. गोलकीपर तेवढा युव्हेंटसचा! अपघातानंतर लीगचे उरलेले चार सामने क्लबच्या युवा संघातली पोरं खेळली, आणि समोरच्या क्लबांनीही आपली पोरंच उतरवली. इटालियन लीगचं सलग पाचवं विजेतेपद तसं पुरं झालं.

पुढच्या काळाचे भाग मी भराभर पाहिले, पण १९६७ मध्ये रस्ता ओलांडताना गाडीखाली गेलेल्या तोरिनोच्या खेळाडूपाशी, जीजी मेरोनीपाशी, थांबा. १९७६ च्या विजेतेपदाची पुलिची-ग्रात्सियानी ही आघाडीच्या खेळाडूंची जोडीही आहेच.

जायचं तर आधी चौकशी करा; रोज उघडं नसतं, शनिवार-रविवार धरून बेत आखा. सगळं सांगणं इटालियनमध्ये, म्हणून भाषा येणारं कुणीतरी सोबत न्या, नाहीतर निम्मी गंमत जाईल. सुपेर्गा त्यानंतर करा. बासिलिकामागच्या फलकावरची नावं वाचताना मग प्रत्येकाचा चेहरा ओळखीचा असतो. ४ मे ला गेलात तर संघाचा कप्तान तीच नावं मोठ्याने वाचतो. गर्दी प्रचंड असते, सकाळीच निघा.