इनबोर्ड डिझेल बोटीत एक्झॉस्टमधून पाणी शिरू नये म्हणून बसवलेला वॉटरलॉक: पंचगंगेत पावसाळाभर वापरल्यावर

अशा बोटीत इंजिन थंड करून आलेलं पाणी एक्झॉस्टमध्येच सोडतात आणि धूर ते बाहेर फेकतो. वॉटरलॉक म्हणजे त्या वाटेवरची टाकी: इंजिन बंद झालं की नळीतलं पाणी इंजिनाकडे न जाता तिच्यात साठतं. सेट असा आहे: दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, आतून ५० मिमी व्यासाची, तार घातलेली रबरी एक्झॉस्ट नळी, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ३०४ स्टेनलेसमध्ये आर्गॉन वेल्डिंगने करून घेतलेला ६ लिटरचा वॉटरलॉक, पुढे उलटा यू बेंड आणि मागच्या फळीवर रबरी झडप.

बरेच जण नुसती झडप बसवून निर्धास्त होतात. ती लाटेचा फटका मोडते, एवढंच. पावसाळ्यात केंदाळ वाहून येतं, त्याचं एक मूळ कडेला अडकलं तरी झडप उघडी राहते. पाणी खरं अडतं ते उंचीने. बेंडचा माथा पाणरेषेच्या ४० सेंमी वर आहे. हे माप माणसं बसवून घ्या, कारण वजन पडलं की मागची बाजू खाली बसते.

वॉटरलॉक केवढा हवा, हे नळीवर ठरतं. इंजिन बंद झालं की बेंडपर्यंतचं पाणी उलटं फिरून त्यातच येतं. ५० मिमी नळीत मीटरला जवळपास २ लिटर मावतं. इथे नळी दीड मीटर, म्हणजे ३ लिटर. शिवाय तळाशी राहिलेलं पाणी वेगळं. बेंड उगाच उंच नेऊ नका. पाण्याच्या दर १० सेंमी उंचीला सुमारे १ किलोपास्कल उलटा दाब वाढतो.

एक्झॉस्टमध्ये पाणी सोडणारा एल्बो (वाकडा जोड) पाणरेषेच्या निदान १५ सेंमी वर नसेल, तर त्याकडे जाणाऱ्या पाण्याच्या नळीवर अँटी-सायफन व्हॉल्व्ह (नळीत हवा घेऊन पाण्याची आपोआप लागणारी ओढ तोडणारा) लागतोच. गढूळ पाण्याने त्याच्या रबरात गाळ बसतो. उघडा अडकला तर ठिबकतो, ते दिसतं. बंद अडकला तर काहीच दिसत नाही, आणि बोट काठाला उभी असतानाच पाणी सिलिंडरपर्यंत पोचतं. पावसाळ्यात दर महिन्याला खोलून धुवाच.

सगळ्यात मोठा धोका सेल्फचा (स्टार्टरचा). इंजिन उचलत नसताना सेल्फ मारत राहिलं की पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला धूरच नसतो. वॉटरलॉक भरतो आणि पाणी मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या भागात) चढतं. दोन-तीनदा मारून इंजिन लागलं नाही तर सी-कॉक (नदीचं पाणी आत घेणारा कॉक) बंद करा, वॉटरलॉकचा ड्रेन प्लग काढून तो रिकामा करा. इंजिन लागताच सी-कॉक उघडा, नाहीतर इम्पेलर (पंपातलं रबरी चक्र) जातो. वॉटरलॉक करून घेताना तळाला प्लग मागून घ्या.

बोट बांधताना नाक प्रवाहाकडे ठेवा. मागची बाजू प्रवाहाकडे राहिली तर पाण्याचा जोर थेट एक्झॉस्टच्या तोंडावर येतो.

इंजिनात पाणी गेल्याची शंका आली तर सेल्फला हात लावू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढून क्रँक हाताने फिरवा, पाणी बाहेर काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला.

वेल्डिंगला अजून कुठे गळती नाही. पण बोट मालवणकडे समुद्रात न्यायची असेल तर ३०४ नको, फायबरचा घ्या. खाऱ्या पाण्यात वेल्डिंगच्या कडेला आधी गंज लागतो.